शस्त्रं पुरवणाऱ्याचा वाटा किती? असमान युद्धं, सामान्य माणसांचे मृत्यू आणि बाहेरची मदत

ओंजळ

जानेवारी २००९ मध्ये श्रीलंकेच्या सैन्याने उत्तरेच्या वन्नी भागात सुमारे ३५ चौरस किलोमीटरचा पट्टा 'गोळीबारमुक्त क्षेत्र' म्हणून जाहीर केला आणि लोकांना तिकडे जायला सांगितलं. लोक गेले. संयुक्त राष्ट्रांच्या धान्यवाटपाचं एक पथकही तिथे अडकलं होतं. त्यांनी आपला तळ नेमका कुठे आहे ते सैन्याला कळवलं. त्यानंतर तोफगोळे तिथेच येऊन पडायला लागले. पथकातले लोक खंदकातून फोन करून 'मारा थांबवा' सांगत राहिले. सकाळ झाली तेव्हा आसपास पडलेल्या प्रेतांत तान्ही मुलंही होती.

हे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या एप्रिल २०११ च्या अहवालात नोंदवलेलं आहे. त्याच अहवालात वाघांबद्दलही, म्हणजे सरकारशी लढणाऱ्या एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेबद्दलही, तितकंच स्पष्ट लिहिलंय. एलटीटीईने लोकांना बाहेर पडू दिलं नाही, पळणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या, निर्वासितांच्या गर्दीजवळून तोफा डागल्या, शेवटच्या महिन्यांत चौदा वर्षांची मुलंसुद्धा घरातून ओढून लढायला नेली. तीन लाखांच्या आसपास माणसं या दोघांच्या मध्ये सापडली होती. मेलेल्यांचा आकडा ४०,००० पर्यंत असू शकतो, असं समितीने म्हटलं. सरकार शेवटपर्यंत 'एकही नागरिक मरू देणार नाही' हेच धोरण असल्याचं सांगत राहिलं.

या दोन पक्षांच्या अपराधांवर पुष्कळ बोललं गेलंय. मला तिसऱ्याबद्दल बोलायचंय. वन्नीवर घिरट्या घालणारी विमानं श्रीलंकेत बनलेली नव्हती. किफिर इस्रायलची, एफ-७ चीनची, मिग-२७ युक्रेनमधून आलेली. भारताने रडार दिली, गस्तनौका दिली, समुद्रात वाघांची शस्त्रजहाजं कुठे आहेत याची माहिती दिली. दुसऱ्या बाजूला वाघांच्या पहिल्या फळीला ऐंशीच्या दशकात आपल्याच देशात प्रशिक्षण मिळालं होतं. पुढे कॅनडा, ब्रिटन, स्वित्झर्लंडमधल्या तमिळ कुटुंबांकडून पैसा गेला, काही मनापासून, काही दमदाटीने उकळलेला.

माझं म्हणणं असं की पुरवणाऱ्याचा वाटा दोन गोष्टींवर ठरवायला हवा. आपलं हत्यार कशासाठी वापरलं जातंय हे त्याला किती ठाऊक होतं? आणि ते थांबवणं त्याच्या हातात किती होतं? दोन्ही भरपूर असताना तो गप्प बसला तर त्या मृत्यूंचा हिशेब त्यालाही द्यावा लागेल, मग तो कुणाच्याही बाजूने का उभा असेना. तुम्हाला काय वाटतं, सविस्तर लिहा.

---

बुरूज

लेख तळमळीने लिहिलाय, पण लढणाऱ्या राज्यासमोर पर्याय काय होता ते त्यात नाही.

१४ मे १९८५ ला वाघांनी अनुराधापुरात १४६ माणसं मारली, बोधिवृक्षाशी प्रार्थना करणारे भाविकसुद्धा. ३१ जानेवारी १९९६ ला कोलंबोत सेंट्रल बँकेवर स्फोटकांचा ट्रक घातला, ९१ गेले. १९९१ मध्ये श्रीपेरुंबुदूरला आपल्या माजी पंतप्रधानांना मारलं. २००२ च्या युद्धबंदीचा उपयोग पुन्हा शस्त्रं जमवायला केला. अशी संघटना तीन लाख लोकांना पुढे उभं करून मागून तोफा डागते, आणि तुम्ही म्हणता समोरच्याने हात आखडावा? मग पुढची प्रत्येक संघटना हेच करेल. लोकांच्या आड लपलं की आपण वाचतो, हा धडा त्यांना मिळेल.

शिवाय ते युद्ध २६ वर्षं चाललं होतं. ते संपलं म्हणून नंतर किती जीव वाचले, हेही मोजा. सेनापती म्हणून तुम्ही काय केलं असतं, ते एकदा सांगा.

---

कवडसा

बुरूज, हा मुद्दा मला नेहमीच अस्वस्थ करतो. उत्तर माझ्याकडे नाही. पण 'नंतर वाचलेले' हा हिशेब करताना आपण कायम दुसऱ्यांच्या मुलांचे जीव खर्ची टाकतो, एवढं मात्र दिसतं.

---

पाऊलखूण

कायद्याच्या बाजूने थोडं लिहिते.

लोकांना ढाल करणं हा युद्धगुन्हा आहे, त्यात वाद नाही. पण एका बाजूने गुन्हा केला म्हणून दुसऱ्या बाजूची जबाबदारी संपत नाही. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या जादा प्रोटोकॉलच्या ५१ व्या कलमात हे स्पष्ट आहे. श्रीलंकेने आणि भारतानेही तो प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही, पण त्यातले मूळ नियम रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याचा भाग मानले जातात. रेडक्रॉसने २००५ मध्ये असे १६१ नियम एकत्र केले. त्यांतले तीन इथे महत्त्वाचे. सैनिक आणि सामान्य माणूस यांत फरक करा. मिळणाऱ्या लष्करी फायद्याच्या मानाने सामान्यांची हानी अतोनात होणार असेल तर हल्ला करू नका. आणि हल्ल्याआधी शक्य ती सगळी खबरदारी घ्या.

तिसऱ्या नियमाकडे फार कमी लोक लक्ष देतात, म्हणून एक उदाहरण. १७ मार्च २०१७, मोसुलचा अल-जदीदा भाग. एका इमारतीच्या गच्चीवर इस्लामिक स्टेटचे दोन नेमबाज होते. पुढे सरकणाऱ्या इराकी तुकडीने मदत मागितली आणि अमेरिकी विमानाने त्या इमारतीवर २२७ किलोचा एक बॉम्ब टाकला. इमारत कोसळली, आत आसरा घेतलेली आणि शेजारची मिळून किमान १०५ माणसं मेली. अमेरिकी चौकशीने म्हटलं की आत शत्रूने साठवलेल्या स्फोटकांमुळे इमारत पडली आणि आत लोक आहेत हे ठाऊक नव्हतं. समजा दोन्ही खरं. तरी दाट वस्तीत, ज्या शहरातून लोकांना बाहेर पडता येत नव्हतं तिथे, दोन बंदूकवाल्यांसाठी अख्खी इमारत पाडताना 'तळमजल्यावर कोण असेल' हा प्रश्न विचारणं हे कुणाचं तरी काम होतं. ठाऊक नसणं ही सबब तेव्हाच चालते जेव्हा जाणून घ्यायचा खरा प्रयत्न झालेला असतो.

आता सेनापतीचा प्रश्न. वन्नीत निदान तीन गोष्टी हातात होत्या. लोकांना सुरक्षित म्हणून जिथे बोलावलं तिथे तोफा न डागणं. पुदुकुडियिरुप्पूचं रुग्णालय कुठे आहे हे माहीत असताना ते न मारणं. जानेवारीअखेरच्या एका आठवड्यात त्याला किमान नऊ वेळा थेट मार बसला. आणि धान्य व औषधं अडवून न धरणं. तिथे तीन लाख लोक असताना सरकार जेमतेम सत्तर हजारांचा हिशेब सांगत होतं. या तिन्ही गोष्टी पाळून युद्ध हरलं असतं का? मला तसं वाटत नाही. काही आठवडे जास्त लागले असते.

---

दूरवेध

तोफखान्यात नोकरी झाली, म्हणून एक तांत्रिक गोष्ट सांगतो.

१२२ मिमी रॉकेट लाँचरला चाळीस नळ्या असतात. सगळ्या मिळून वीसएक सेकंदांत रिकाम्या होतात. ही रॉकेटं एका बिंदूवर पडत नाहीत, मोठ्या क्षेत्रावर विखुरतात. पसरलेलं सैन्य, वाहनांचा ताफा, तोफांची रांग यांच्यासाठी हे हत्यार बनलंय. समुद्रालगतच्या अरुंद पट्टीत लाखभर माणसं ताडपत्र्यांखाली बसलेली असताना ते वापरायचं ठरवलं की पुढे नेम वगैरे बोलण्यात अर्थ नसतो. हत्यार निवडलं तिथेच निर्णय झाला. वर ड्रोन होते, खालचं चित्र सैन्याला थेट दिसत होतं. आमच्या काळी पुढच्या टेकडीवर बसलेला निरीक्षण अधिकारी दुर्बिणीतून जे सांगेल तेवढंच आम्हाला कळायचं. त्यांच्याकडे त्याहून कितीतरी जास्त होतं.

आणि आपलंही बोलू. १९८७ मध्ये शांतिसेना गेली तेव्हा जाफन्यात घराघरातून गोळ्या येत होत्या, रस्त्यांत सुरुंग पेरलेले होते. आपले सुमारे १,२०० जवान तिकडे मारले गेले. त्या ताणाची कल्पना बाहेरच्याला येत नाही. तरीही २१ ऑक्टोबर १९८७ ला, ऐन दिवाळीत, जाफन्याच्या रुग्णालयात जे झालं त्याचं समर्थन मी करू शकत नाही. रुग्ण, डॉक्टर, परिचारिका धरून साठहून अधिक माणसं मेली. आतून गोळीबार झाला असं सैन्याने सांगितलं. वाचलेल्या कर्मचाऱ्यांनी सांगितलं की वॉर्डात शिरून पडलेल्या माणसांवर गोळ्या घातल्या गेल्या. कुणालाही शिक्षा झाली नाही. ज्या गणवेशावर माझं प्रेम आहे त्याच्यावरचा हा डाग चौकशी करूनच पुसायला हवा होता.

---

बुरूज

दूरवेध, तुमच्याबद्दल आदर आहे. हत्याराच्या निवडीचा मुद्दा मान्य. पण 'काही आठवडे जास्त लागले असते' हे घरी बसून म्हणणं सोपं आहे. त्या आठवड्यांत सैनिक मरतात, आणि तेही कुणाची तरी मुलंच असतात.

---

जलतरंग

इथे सगळे राज्याच्या बाजूने किंवा राज्याच्या विरोधात बोलताहेत. दुबळ्या बाजूच्या नीतीबद्दल कुणीच विचारत नाहीये. 'त्यांच्याकडे विमानं नाहीत, म्हणून ते हॉटेलात बॉम्ब ठेवतात' हा युक्तिवाद मी विद्यार्थीदशेत फार ऐकलाय. ३० सप्टेंबर १९५६ ला फ्रेंच राजवटीविरुद्ध लढणाऱ्यांनी अल्जीर्सच्या मिल्क बारमध्ये बॉम्ब ठेवला तेव्हाही हेच सांगितलं गेलं. फ्रेंच सैन्य अल्जेरियात छळछावण्या चालवत होतं हे खरं. त्या दिवशी आईस्क्रीम खायला आलेल्या मुलांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता हेही खरं.

दुबळ्याला दुसरा मार्ग नसतो, हे मला पटत नाही. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी सरकारशी लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसकडे (एएनसी) ना राज्य होतं ना विमानं. तरी नोव्हेंबर १९८० मध्ये तिचे नेते ऑलिव्हर टांबो यांनी जिनिव्हा करार पाळण्याचं प्रतिज्ञापत्र रेडक्रॉसकडे दिलं. पुढे त्यांच्याकडूनही ते मोडलं गेलं. मे १९८३ मध्ये प्रिटोरियाच्या चर्च स्ट्रीटवर गाडीत बॉम्ब ठेवला, १९ जण मेले. पण १९९८ मध्ये सत्यशोधन आयोगाने वर्णद्वेषी सरकारला मुख्य गुन्हेगार ठरवताना एएनसीच्या हातून झालेल्या अत्याचारांवरही बोट ठेवलं. तेव्हा सत्तेत असलेली एएनसी अहवाल थांबवायला कोर्टात गेली आणि हरली. 'आमचा लढा न्याय्य होता, म्हणून आमच्या बॉम्बची चौकशी नको' हे आयोगाने ऐकून घेतलं नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. लढा न्याय्य असणं आणि लढण्याची रीत न्याय्य असणं यांचा निवाडा वेगवेगळा झालाच पाहिजे.

---

ओंजळ

जलतरंग, अगदी. आणि पाठीराखे नेमकी इथेच गल्लत करतात. लढा न्याय्य आहे असं एकदा मनाशी ठरलं की रीतीकडे बघायचं सोडून देतात.

पुरवठ्याच्या मूळ प्रश्नाकडे येऊ या का? कायद्यात याला काही उत्तर आहे का, पाऊलखूण?

---

पाऊलखूण

आहे, पण तुटपुंजं.

१९८६ चा निकाराग्वा विरुद्ध अमेरिका हा खटला बघा. अमेरिकेने काँट्रा बंडखोरांना पैसा, शस्त्रं, प्रशिक्षण दिलं, निकाराग्वाच्या बंदरांत सुरुंग पेरले, बंडखोरांसाठी एक पुस्तिका तयार केली ज्यात नागरी अधिकाऱ्यांना 'निष्प्रभ' करण्याचे सल्ले होते. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने या सगळ्यासाठी अमेरिकेला दोषी धरलं. मात्र काँट्रांनी खेड्यांत केलेल्या हत्या अमेरिकेच्या नावावर मांडल्या नाहीत. कारण त्या विशिष्ट कृत्यांवर अमेरिकेचं 'परिणामकारक नियंत्रण' होतं हे सिद्ध झालं नाही. पुढे १९९९ मध्ये युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या न्यायाधिकरणाने तादिच खटल्यात 'एकंदर नियंत्रण' ही थोडी सैल कसोटी लावली, पण राज्याच्या जबाबदारीसाठी आंतरराष्ट्रीय न्यायालय आपल्या जुन्या कसोटीला धरून राहिलं.

परिणाम काय? पुरवणारा जितका लांब राहील, हुकूम जितके कमी देईल, तितका तो कायद्याने सुरक्षित. म्हणजे त्याने डोळे मिटून घ्यावेत यालाच कायद्याने बक्षीस ठेवलंय. सगळे गुप्त पुरवठे याच फटीतून चालतात. अफगाणिस्तानात १९७९ नंतर अमेरिकेचा पैसा आणि शस्त्रं आयएसआयच्या हातून वाटली गेली, कुणाला किती द्यायचं ते पाकिस्तानने ठरवलं, आणि त्यातला मोठा वाटा हिकमतयार या ज्या अफगाण बंडखोर नेत्याला मिळाला त्याने नव्वदच्या दशकात काबूलवर रॉकेटं डागून हजारो रहिवासी मारले. वॉशिंग्टनमध्ये कुणालाही त्याचं उत्तर द्यावं लागलं नाही.

शस्त्रव्यापार करार २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मंजूर झाला, डिसेंबर २०१४ पासून लागू आहे. त्याच्या सहाव्या कलमात 'ही शस्त्रं नागरिकांवरच्या हल्ल्यात वापरली जातील हे माहीत असेल तर विकू नका' असं स्पष्ट आहे. 'माहीत असेल तर' या तीन शब्दांवर वकील वर्षानुवर्षं भांडताहेत.

---

कवडसा

यमनची ती शाळेची बस आठवते. ९ ऑगस्ट २०१८, दहयान. बाजाराजवळ थांबलेली बस, सहलीला निघालेली मुलं. रेडक्रॉसच्या सांगण्यानुसार ५१ मृत्यू, त्यांतली ४० मुलं. बॉम्बच्या तुकड्यांवर अमेरिकी कंपनीचे क्रमांक सापडले. सौदी आघाडीने आधी हा कायदेशीर हल्ला होता म्हणून सांगितलं, मग चूक कबूल केली. आणि पुरवठा सुरूच राहिला.

---

पाऊलखूण

ब्रिटनमध्ये त्यावर खटला झाला. जून २०१९ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सौदीला शस्त्रं विकण्याचे परवाने ज्या पद्धतीने दिले ती बेकायदा ठरवली. कारण साधं होतं. पूर्वीच्या हल्ल्यांत नियमभंग झाला होता की नाही हे सरकारने ठरवलंच नव्हतं, आणि मागचं न तपासता पुढचा धोका कसा मोजणार? सरकारने वर्षभराने तपासणी केली, भंग 'तुरळक' आहेत असं ठरवलं आणि जुलै २०२० मध्ये विक्री परत सुरू केली.

यमनमध्ये सौदी आघाडीशी लढणाऱ्या हूथी बंडखोरांनीही सुरुंग पेरून, ताइझ शहराला वेढा घालून लोकांना मारलं आणि त्यांना इराणची मदत होती, हेही नोंदवून ठेवते. तिथे तर जाब विचारणारं न्यायालयसुद्धा नाही.

---

सांजसावली

ओंजळ, तुमच्या कसोटीला एक अवघड प्रश्न. १९७१ चं काय? आपण बांगलादेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीला शस्त्रं, प्रशिक्षण, आसरा दिला. मुक्तिवाहिनीच्या आणि तिच्या नावावर फिरणाऱ्या टोळ्यांच्या हातून बिहारी मुसलमानांच्या हत्या झाल्या. १८ डिसेंबरला ढाक्यात बांधलेल्या कैद्यांना परदेशी छायाचित्रकारांसमोर संगिनींनी भोसकलं. मग भारत दोषी का? आणि मदत केली नसती तर पाकिस्तानी सैन्याने चालवलेलं हत्याकांड थांबलं असतं का? एक कोटी माणसं सीमा ओलांडून आली होती.

---

ओंजळ

सांजसावली, हा प्रश्न यावा असं मनापासून वाटत होतं, कारण माझं म्हणणं 'मदत करूच नका' असं नाहीच.

१९७१ मध्ये मदत करणं योग्य होतं, असं मी ठामपणे म्हणते. तेव्हा दुसरा पुरवठादार कोण होता बघा. २५ मार्चच्या रात्री ढाक्याच्या रस्त्यांवर फिरलेले रणगाडे अमेरिकी बनावटीचे एम-२४ होते. ६ एप्रिलला अमेरिकेचे तिथले वाणिज्यदूत आर्चर ब्लड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच सरकारला निषेधाची तार पाठवली. म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर यांना सगळं माहीत होतं, आणि पाकिस्तानवर त्यांचं वजनही होतं. माझ्या दोन्ही कसोट्यांवर ते दोषी ठरतात. ब्लड यांची मात्र ढाक्यातून बदली झाली.

भारताचं बघा. १६ डिसेंबरच्या शरणागतीच्या दस्तऐवजात एक वाक्य आहे ज्याच्याकडे आपण विजयाच्या फोटोत लक्ष देत नाही. परदेशी नागरिक, वांशिक अल्पसंख्य आणि पश्चिम पाकिस्तानी माणसं यांच्या संरक्षणाची हमी जनरल अरोरा यांच्या हाताखालच्या फौजांनी घेतली आहे. म्हणजे आपण ज्याला बळ दिलं त्याच्या सूडापासून लोकांना वाचवणं ही आपली जबाबदारी, हे भारताने सही करून मान्य केलं. ती पुरती निभावली का? नाही, १८ डिसेंबर त्याचाच पुरावा आहे. तरी मदत करणाऱ्याने कसं वागावं, याचा नमुना त्या वाक्यात आहे. ऐंशीच्या दशकात तमिळ गटांना प्रशिक्षण देताना असं एकही वाक्य कुठे लिहिलं गेलं नाही. वाघांनी आधी इतर तमिळ गटांतल्या तरुणांना संपवलं, तेव्हाही आपण त्यांना जाब विचारला नाही.

---

बुरूज

वजन वापरणं प्रत्यक्षात जमतं का? गाझाचं घ्या. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने सुमारे १,२०० माणसं मारली, २५१ ओलीस नेले. त्यानंतर कुठलं सरकार पाठीराख्याचं ऐकून थांबेल?

---

जलतरंग

जमतं. १२ ऑगस्ट १९८२ ला इस्रायल पश्चिम बैरुतवर दिवसभर बॉम्ब टाकत होता. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी इस्रायलचे पंतप्रधान बेगिन यांना फोन केला, फार कडक शब्दांत बोलले, आणि वीसेक मिनिटांत बेगिन यांचा उलट फोन आला की मारा थांबवायचा हुकूम दिलाय. रेगन इस्रायलचे शत्रू नव्हते.

गाझात २०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेने दोन हजार पौंडी बॉम्बची एक खेप रोखली. गर्दीच्या शहरात ते बॉम्ब काय करतात हे त्यांना माहीत होतं, म्हणूनच ना? पण तोवर सात महिने झाले होते. २०२५ च्या जुलैअखेर गाझाच्या आरोग्य मंत्रालयाने मृतांचा आकडा साठ हजारांच्या पुढे दिला. दहा वर्षांसाठी ३८ अब्ज डॉलरची मदत देणारा देश 'आमचं कोण ऐकतं' असं म्हणू शकत नाही. आणि हमासला बळ देणाऱ्या इराणला ७ ऑक्टोबरच्या कत्तलीबद्दल हाच प्रश्न मी तितक्याच कडकपणे विचारेन.

---

दूरवेध

श्रीलंकेबाबत आपलं वजन होतं का, यावर एक नोंद. २७ मे २००९ ला मानवाधिकार परिषदेत श्रीलंकेची पाठराखण करणारा ठराव २९ विरुद्ध १२ मतांनी मंजूर झाला. प्रेतंही पुरली गेली नव्हती. भारताने बाजूने मत दिलं. २०१२ मध्ये श्रीलंकेला उत्तरदायी धरणाऱ्या ठरावाच्याही बाजूने दिलं. ते मत तीन वर्षं आधी द्यायला हवं होतं.

---

सांजसावली

आता आपण स्वतःच विक्रेते होत चाललोय, हेही लक्षात घ्या. २०२४-२५ मध्ये भारताची संरक्षण निर्यात २३,६२२ कोटींवर गेली. याचा अभिमान वाटतो, मलाही वाटतो. पण शस्त्रव्यापार करारावर २०१३ मध्ये आपण तटस्थ राहिलो. सप्टेंबर २०२४ मध्ये इस्रायलला होणारी शस्त्रनिर्यात थांबवा अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. हा परराष्ट्र धोरणाचा विषय आहे म्हणून न्यायालयाने ती फेटाळली. मग हे विचारायचं कुठे?

---

पाऊलखूण

संसदेत. ब्रिटनमध्ये निदान परवान्यांची माहिती प्रसिद्ध होते, म्हणून तो २०१९ चा खटला उभा राहू शकला. अमेरिकेत लीही कायदा आहे: ज्या परदेशी तुकडीने गंभीर अत्याचार केल्याची विश्वसनीय माहिती आहे तिला मदत द्यायची नाही. तो धड पाळला जात नाही ही तक्रार खरी आहे, पण कायदा आहे म्हणून तक्रार तरी करता येते. आपल्याकडे दरवर्षी एकूण निर्यातीचा आकडा कळतो. कुठल्या देशाला, कुठलं हत्यार, कुठल्या अटींवर, याची यादी सभागृहासमोर येत नाही. पहिली मागणी तिचीच करायला हवी.

---

बुरूज

यादी मागायला माझी हरकत नाही. पण अटी घातल्या की गिऱ्हाईक चीनकडे जाईल, आणि चीन काही विचारणार नाही. मृत्यू तितकेच होतील, फक्त आपला प्रभाव जाईल.

---

ओंजळ

बुरूज, २००९ मध्ये दिल्लीत नेमकं हेच म्हटलं जात होतं. आपण मागे हटलो तर कोलंबो चीनच्या आणि पाकिस्तानच्या पदरात जाईल. आपण मागे हटलो नाही, पाठिंबा दिला, मतही दिलं. पुढे श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये चीनकडे ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने गेलंच. ज्या प्रभावासाठी आपण गप्प बसलो तो टिकला नाही, आणि वन्नीतल्या मुळ्ळिवायक्कालच्या किनाऱ्यावर अडकलेल्या माणसांना त्या प्रभावाचा काडीचाही उपयोग झाला नाही. प्रभाव वापरायचाच नसेल तर तो राखून काय करायचं, याचं उत्तर मला तुमच्याकडून हवंय.